शंकेची यादी

कोठावदे मॅडम घाबरट होत्या, आणि हे त्या स्वतःच सर्वांना सांगत. धुळ्याच्या आमच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवायला लागलो, त्याआधी पंधराएक वर्षं त्या तिथे सांख्यिकी शिकवत होत्या. पहिल्याच दिवशी मी स्टाफरूममध्ये दाराजवळच्या खुर्चीवर बसलो, तर त्या उभ्याच राहिल्या.

"सर, तुम्ही नवीन आहात म्हणून सांगते. ही माझी जागा. आग-बिग लागली तर मला आधी बाहेर पडता येतं."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मी उठलो.

पंख्याखाली बसण्याआधी त्या मान वर करून त्याचा दांडा बघत. कुकरची चौथी शिट्टी झाली की स्वयंपाकघर सोडून अंगणात येत. एस.टी.त त्यांना ड्रायव्हरच्या मागचीच जागा लागे. दर पाच-दहा मिनिटांनी त्या पुढे वाकून विचारत, "भाऊ, वेलदोडा घेता का?" ड्रायव्हरला झोप लागू नये म्हणून हा उपाय होता. धुळे-जळगाव मार्गावरचे दोन-तीन ड्रायव्हर त्यांना ओळखत आणि गाडी सुरू करायच्या आधीच हात मागे करत.

पण या सगळ्या भीत्या वरवरच्या होत्या. खरी भीती वेगळीच होती. त्यांना गुण द्यायची भीती वाटे.

पेपर तपासताना त्या आधी पेन्सिलीने गुण लिहीत. सगळा गठ्ठा झाला की पुन्हा पहिल्यापासून वाचत आणि मग लाल पेन उघडत. बेरीज वरून खाली, मग खालून वर. तिसऱ्यांदा ती दुसऱ्या कोणाकडून तरी करून घेत आणि तो दुसरा बहुतेक वेळा मीच असे. एकदा मी नुसताच कागदाकडे बघून "बरोबर आहे" म्हणालो. त्या म्हणाल्या, "महाजन सर, तुमचे डोळे हलले नाहीत. परत बघा. हा आकडा कुणाच्या तरी घरी जाणार आहे."

आम्ही पंधरा दिवसांत संपवायचो त्या कामाला त्यांना महिना लागे. प्राचार्य चिडत. स्टाफरूममध्ये थट्टा होई. वाणिज्यचे देसले सर म्हणत, "मॅडम, पोरं नापास होऊन दुसऱ्यांदा पास झाली, तरी तुमचा पहिला गठ्ठा चाललाच आहे." मॅडम मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढत राहत.

या भीतीचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं. जळगावला केंद्रावर पेपर तपासायला आम्ही एकाच एस.टी.ने निघालो होतो. पारोळा मागे पडलं. उन्हामुळे खिडक्यांना पडदे ओढलेले होते. त्या बराच वेळ मांडीवरच्या पिशवीचे बंद गुंडाळत आणि सोडत होत्या, मग एकदम बोलू लागल्या.

नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्यांच्या वर्गात सुमन नावाची मुलगी होती. शिरपूरकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून आलेली. गावातली कॉलेजात येणारी पहिली मुलगी. सांख्यिकीत ती चार गुणांनी नापास झाली. चार महिन्यांनी मॅडमनी कपाटाच्या फळीवरचा जुना कागद बदलायला काढला, तर त्याखाली एक पुरवणी सापडली. दोरा तुटून सुटलेली. अक्षर सुमनचं. त्यातलं एक पूर्ण उदाहरण बरोबर सोडवलेलं होतं.

"मी तेव्हाच्या प्राचार्यांकडे धावले. ते म्हणाले, निकाल लागून गेलाय, हे कागद जाळून टाका, विषय संपवा. मी गाडी धरून सुमनच्या गावी गेले. तर दारात तोरण सुकलेलं. लग्न होऊन ती सासरी गेली होती. नापास झाली म्हणून वडिलांनी शिक्षण थांबवलं होतं."

"मग तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"काही नाही. ते म्हणाले, बाई, पोरीसाठी एवढ्या लांब आल्या. मला खाटेवर बसवलं. बशीत चहा दिला. मी तो प्यायले आणि परत आले." त्या थांबल्या. "सर, मी चहा प्यायले."

पुढे वेलदोडा कोणीही मागितला नाही आणि त्यांनीही दिला नाही. जळगाव येईपर्यंत ड्रायव्हरने दोनदा मागे वळून पाहिलं.

नव्वदच्या आसपास आमच्या कॉलेजात संगणक आला. त्याच्यासाठी एक खोली रंगवली, जाड पडदे लावले, वातानुकूलन बसवलं. चपला बाहेर काढायच्या असा नियम झाला. आम्ही सगळे त्या खोलीला बिचकून असायचो. कळ चुकीची दाबली तर काय होईल, आपल्या नोकऱ्या जातील का, असं बोलणं चाले. आश्चर्य हे की, मॅडमना त्याची भीती वाटली नाही. चपला काढून त्या सर्वांत आधी आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका मोकळा होता. "तो दमत नाही, सर," त्या म्हणाल्या. "चाळिसावा पेपरही पहिल्यासारखाच वाचेल."

त्यांचा धाकटा भाऊ वरणगावला दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी विभागात होता. तो दिवाळीला आला की कामाच्या गोष्टी सांगे. एकदा म्हणाला, "ताई, आम्ही काडतूस मोजायच्या आधी मोजायचं माप तपासतो. मापच चुकीचं असेल तर सगळा माल चुकीचा पास होतो." हे वाक्य मॅडमच्या डोक्यात बसलं. कुठल्याशा मासिकात त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक लेख वाचला होता. यंत्राला नियम सांगायची गरज नसते, भरपूर उदाहरणं दाखवली की ते आपलं आपण शिकतं, असं त्यात होतं. मॅडमनी ठरवलं की आपण तपासलेल्या जुन्या उत्तरपत्रिका यंत्राला दाखवायच्या, म्हणजे ते गुण द्यायला शिकेल.

यात त्यांची दोन वर्षं गेली. संगणकाला आपलं हस्ताक्षर वाचता येत नव्हतं. म्हणून प्रत्येक उत्तर त्या स्वतः वाचत आणि रकान्यांत माहिती भरत. मुद्दे किती आले, ओळी किती, आकृती आहे का, खाडाखोड किती, इंग्रजी शब्द किती, गठ्ठ्यात उत्तरपत्रिका कितवी होती, भाषा पुस्तकी की गावाकडची. शेवटच्या रकान्यात त्यांनी दिलेले गुण. काही निवडायचं नाही, दिसेल ते सगळं भरायचं, असा त्यांचा नियम होता. प्रोग्रामही त्यांनी पुस्तकावरून शिकून स्वतःच लिहिला. देवपूर भागातल्या त्यांच्या घरी त्यांची थोरली बहीण अक्का असे. हे काम कधी संपणार, असं ती मला अहिराणीत विचारायची, "सर, हाई पोथी कवय संपी? देवनी पोथी बी इतली मोठी नही ऱ्हास."

एका शनिवारी दुपारी त्यांनी मला संगणक कक्षात बोलावलं. यंत्राने कधी न पाहिलेली पन्नास उत्तरं त्यांनी त्यात भरली होती. एकेक कळ दाबताच पडद्यावर गुण उमटत होते. त्यांच्या हातातल्या यादीत त्यांनी स्वतः दिलेले गुण होते. सहाला सहा. साडेचारला साडेचार. सातला साडेसहा. पडद्यामागे कोणी बसून मॅडमच्या हाताने लिहितंय, असं वाटत होतं.

प्राचार्यांना तर आनंद मावेना. सहामाहीचा सगळा निकाल आठ दिवसांत लावू, बाहेरच्या मोठ्या लोकांना बोलावून दाखवू, पेपरात फोटो येईल, असं ते सगळ्यांना सांगत सुटले. तारीखही ठरली.

आणि मग मॅडम कॉलेजात यायच्या बंद झाल्या.

तिसऱ्या दिवशी अक्काचा निरोप आला. मी सायकल काढून देवपूरला गेलो. मॅडम ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. अक्का दारातच म्हणाली, "सर, तुम्ही तरी सांगा हिले. दोन रोजपाईन जेवनी नही. काय व्हयनं ते बी सांगत नही."

मॅडमनी माझ्यापुढे एक छापील कागद ठेवला. भाऊ म्हणाला तसं आधी मापच तपासावं म्हणून, यंत्र कोणत्या गोष्टीला किती किंमत देतं, हे त्यांनी छापून घेतलं होतं. मुद्द्यांना गुण होते, आकृतीला गुण होते. खालून तिसऱ्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. भाषा गावाकडची असेल तर यंत्र दीड गुण कमी करत होतं. बाकी सगळं तेच असलं तरी.

"हे त्याला कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"मी." त्यांनी बोट त्या ओळीवरून उचललं नाही. "मी कधीच असं ठरवलं नव्हतं, सर. देवाशपथ. पण ते फक्त माझ्याकडूनच शिकलंय. दुसरं कोणी नाही त्याला शिकवायला." मग म्हणाल्या, "मला वाटायचं, माझ्या हातून एकदाच चूक झाली. एक पुरवणी. किती वर्षं झाली मी तपासतेय? गावाकडची किती पोरं?"

त्या ओट्यावर भर दुपारच्या उन्हात मला थंडी वाजल्यासारखं झालं. कारण माझाही लाल पेन त्याच कॉलेजातला होता.

प्राचार्यांनी तोडगा काढला. "भाषेचा रकाना काढून टाका. संपलं." मॅडमनी तो काढला, यंत्राला पुन्हा सगळी उदाहरणं दाखवली आणि मला सोबत घेऊन ताळा करायला बसल्या. गावाकडच्या भाषेतली उत्तरं एकामागून एक भरली. गुण कमीच येत होते. भाषेचा रकाना नव्हता, तर यंत्राने इंग्रजी शब्दांच्या आणि ओळींच्या संख्येवरून ती मुलं बरोबर हुडकली होती. मॅडमनी खुर्ची मागे सरकवली. पडद्याकडे बघत त्या कुजबुजल्या, "त्याला विसरताच येत नाही." मग इतक्या घाईने उठल्या की चपला तिथेच सोडून अनवाणी व्हरांड्यात गेल्या.

मोठे लोक येण्याला दहा दिवस उरले होते. प्राचार्यांनी सुनावलं, की हे प्रकरण बाहेर गेलं तर कॉलेजचं नाव जाईल, आणि त्याला जबाबदार कोण हे ते लेखी ठेवतील. मॅडमच्या पेन्शनला पाच-सहा वर्षं होती. मी त्यांना म्हणालो, "सोडून द्या. तुम्ही एकट्या काय करणार?" हे मी त्यांच्या काळजीने म्हणालो की माझ्या, हे आजही सांगता येणार नाही.

त्यांनी सोडलं नाही. आमच्या विभागात नि वाणिज्यच्या विभागात मिळून आठ शिक्षक एकाच चाचणीचे पेपर तपासत होते. प्रश्न साधा होता: किंमत वाढली की मागणी का घटते? मॅडमनी दोन उत्तरं तयार केली. दोन्हींत तेच मुद्दे, त्याच क्रमाने, तीच आकृती. एक पुस्तकी मराठीत. दुसरं असं: "केळीचा भाव चढना म्हणजे गिऱ्हाईक कमी लेता, अन् पेरूकडे वळता." वेगवेगळ्या अक्षरांत ती उतरवून घेतली आणि आठही जणांच्या गठ्ठ्यांत एकेक जोडी सरकवली. मला सुद्धा सांगितलं नाही.

स्टाफ मीटिंगमध्ये मॅडम कधी बोलत नसत. त्या दिवशी त्या उभ्या राहिल्या. हातातला कागद त्यांनी टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरला. नावं न घेता त्यांनी आठ जोड्यांचे गुण वाचले. सात-पाच. साडेसहा-पाच. सात-साडेचार. एकही जोडी सारखी नव्हती. सहा-चार हे आकडे आले तेव्हा मला ते माझे आहेत हे कळलं. मी मान वर केली नाही. माझे वडील एरंडोलजवळच्या खेड्यात राहत. ते जन्मभर ‘भाव चढना’च म्हणत आले.

देसले सर उठून उभे राहिले. "तुम्ही आमची परीक्षा घेतली? चोरून? उद्या मुलांना कळलं तर आमच्या तोंडाला काळं फासतील!"

"हो सर, मलाही तीच भीती आहे," मॅडम म्हणाल्या. "माझ्या स्वतःच्या गठ्ठ्यांत तर शेकड्यांनी आहेत. मी कुणाला दोष देत नाही. एवढंच म्हणते, की यंत्राला गुण देऊ देऊ नका. ते आपल्यासारखंच चुकेल आणि त्याला शंकासुद्धा येणार नाही."

"मग दोन वर्षं केलंत कशाला हे?" प्राचार्य ओरडले.

"त्याला आपली चूक पाठ आहे. तर ती आपल्याला दाखवायला लावू. जिथे मुद्दे पुरे आहेत आणि गुण कमी पडलेत, तेवढ्या उत्तरपत्रिकांचे नंबर त्याने काढून द्यायचे. गुण माणसाने द्यायचे. दुसऱ्या माणसाने, पहिल्याचे न बघता."

प्राचार्यांनी मीटिंग संपवली आणि संगणक कक्षाची किल्ली मॅडमकडून काढून घेतली. पुढचा आठवडा वाईट गेला. मॅडम दाराजवळच्या खुर्चीत बसत आणि स्टाफरूम रिकामी होई. त्यांच्या टेबलावर एक निनावी चिठ्ठी आली होती. तिच्यात काय होतं ते त्यांनी मला दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून त्या घरी जाताना माझ्याबरोबर निघू लागल्या.

आठव्या दिवशी सूचना फलकावर प्राचार्यांच्या सहीचा कागद लागला. पाहुण्यांचा कार्यक्रम रद्द. सहामाहीला प्रत्येक शिक्षकाने रकाने भरून द्यावेत, संगणकाकडून फेरतपासणीची यादी काढावी आणि त्या उत्तरपत्रिका दुसऱ्या शिक्षकाने पाहाव्यात. प्राचार्यांचं मन कशाने बदललं, कोण जाणे. शिपाई सांगत होता, साहेब ती दोन उत्तरं घरी घेऊन गेले होते. साहेब मूळचे शिरपूरकडचे.

आम्ही तिला शंकेची यादी म्हणू लागलो. पहिली यादी लागली त्या सकाळी आम्ही सगळे तिच्याभोवती असे उभे होतो, जणू आमचाच निकाल लागला होता. प्रत्येक नंबरापुढे पहिल्या तपासनिसाचं आद्याक्षर होतं. सर्वांत जास्त वेळा ‘को’ होतं. ते बघून देसले सर आत गेले आणि आपल्या वाट्याच्या उत्तरपत्रिका घेऊन बसले. त्या फेरीत सतरा मुलं पास झाली. त्यांतली निम्मी कधी पुन्हा परीक्षेला बसलीच नसती, असं मला वाटतं. वर्षभरात ती भीती सगळ्या कॉलेजला लागली, आणि मी सांगतो, तितकं चांगलं तपासणं आमच्या हातून आधी कधी झालं नव्हतं. लोक पेन्सिली वापरू लागले.

मला वाटलं, आता तरी मॅडमना शांत झोप लागेल. निवृत्तीच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांनी सुमनचा पत्ता शोधून काढला. मला बरोबर चला म्हणाल्या. सातपुड्याच्या पायथ्याशी लहानसं गाव. ती तिथे बालवाडी चालवत होती. केस पांढरे व्हायला लागलेले. मॅडमनी तिला उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पुरवणी, कपाट, चहासुद्धा. मला वाटलं, ती रडेल किंवा पाया पडेल. तिने हातातला खडू खाली ठेवला आणि मॅडमकडे बघत राहिली.

"मी तं भुली गयथी, बाई," ती हळूच म्हणाली. "आते कशी भुलू?"

ती विसरलेलं आम्ही तिला परत आणून दिलं होतं. परतीच्या गाडीत मॅडम पिशवीचे बंद गुंडाळत आणि सोडत राहिल्या.

निवृत्त झाल्यावर त्या आणि अक्का भावाच्या जवळ म्हणून जळगावला राहायला गेल्या. धुळ्याला नवे प्राचार्य आले, नवा संगणक आला. यादी काही वर्षं चालली आणि मग कोणीतरी सोयीसाठी ती बंद केली. मॅडमना मी पत्राने कळवलं. उत्तर आलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा. मुलीला संगणकाच्या क्लासला घालायचं म्हणून मी जळगावला गेलो होतो. मुलगी ऑफिसात फॉर्म भरत होती. मी व्हरांड्यातल्या जाळीच्या खिडकीतून आत पाहिलं. वीस-बावीस यंत्रांपुढे तितकीच तरुण मुलं-मुली, आणि तिसऱ्या ओळीत, दाराच्या अगदी विरुद्ध टोकाला, कोठावदे मॅडम. चष्मा नाकावर आणि पदर खोचलेला. परीक्षा चालू होती. प्रश्न पडद्यावर येत, उत्तराची कळ दाबायची, आणि शेवटी गुणही पडद्यावरच. मुलं एकेक करून उठत होती, गुण बघून हसत होती, बाहेर पडत होती.

मॅडम उठल्या नाहीत. त्यांनी हात वर केला. क्लासचा मास्तर जवळ आला.

"मॅडम, एकदम मस्त! शंभरपैकी ब्याण्णव."

"हे कोणी दिले?"

"कोणी म्हणजे? कॉम्प्युटरने."

"आणि याला कोणी शिकवलं?"

मास्तर हसला, घड्याळाकडे पाहून दुसऱ्या रांगेकडे वळला. तेवढ्यात मुलीने मला ऑफिसातून हाक मारली. मी वळण्याआधी पुन्हा एकदा जाळीतून पाहिलं. खोली जवळजवळ रिकामी झाली होती. मॅडम घाबरलेल्या दिसत होत्या, आणि त्यांनी हात अजून खाली घेतला नव्हता.